‘नाही’ म्हणायची सोय

१९५७ साली हॉलिवूडमध्ये ‘डेस्क सेट’ नावाचा चित्रपट आला. कॅथरीन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी या जोडीचा हा आठवा चित्रपट आणि पहिला रंगीत. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसारण कंपनीच्या संदर्भ विभागात चार बायका काम करतात. दिवसभर फोन वाजतो, कोणीतरी काहीतरी विचारतं, आणि या चौघी कपाटातली पुस्तकं काढून किंवा तोंडपाठ उत्तर देतात. त्यांची प्रमुख बनी वॉटसन. एक दिवस रिचर्ड सम्नर नावाचा विक्षिप्त इंजिनिअर मोजपट्टी घेऊन खोली मोजायला लागतो. तिथे त्याचा ‘एमेरॅक’ नावाचा संगणक बसणार असतो. आता आपली नोकरी जाणार, असं चौघींना वाटतं. बनी मात्र हळूहळू या माणसाच्या प्रेमात पडते.

एमेरॅकचं लाडाचं नाव ‘एमी’. एमी म्हणजे या प्रेमकथेतली सवत. चित्रपटाला आयबीएम कंपनीने मदत केली होती आणि श्रेयनामावलीत तिचे आभारही आहेत, त्यामुळे यंत्राची फार बदनामी होणार नाही हे उघड होतं. तरी पटकथाकार फीबी आणि हेन्री एफ्रन यांनी एमीची भरपूर थट्टा केली आहे. कॉर्फू बेटाची माहिती मागितली तर एमी ‘कर्फ्यू’वरची जुनी कविता छापत सुटते. पगार विभागातलं तिचं भावंड तर कंपनीतल्या सगळ्यांनाच कामावरून काढल्याच्या गुलाबी चिठ्ठ्या पाठवतं, अगदी अध्यक्षांनाही. शेवटी सम्नर बनीला लग्नाची मागणी घालतो. बनीचं म्हणणं, तुझं पहिलं प्रेम एमीच आहे. तो नाकारतो. मग ती मुद्दाम यंत्राला त्याच्या ताकदीबाहेर ताणते आणि बघत राहते. तो बिचारा जेवढा धीर धरता येईल तेवढा धरतो आणि अखेर दुरुस्तीला धावतोच. परीक्षेत नापास. तरीही ती त्याला होकार देते.

हा शेवट मला फार आवडतो. हा होकार आहे, कारण त्याच्या जागी नकार असू शकला असता. बनीला नोकरी आहे, डोकं आहे, हाताशी दुसरा उमेदवारही आहे. तिने ‘नाही’ म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि त्या शक्यतेवरच सगळा विनोद उभा आहे. प्रेमकथेत यंत्र आलं की आपण विचारतो, यंत्राला प्रेम करता येईल का? या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला त्याहून साधा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या गोष्टीत ‘नाही’ कोण म्हणू शकतं? यंत्र आणि प्रणय यांचा इतिहास या प्रश्नाच्या धाग्याने वाचला तर तो बराच वेगळा दिसतो.

*

या गोष्टीचं मूळ संगणकाच्या दोन हजार वर्षं आधीचं आहे. रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये पिग्मॅलियन नावाचा शिल्पकार आहे. त्याला खऱ्या बायका नकोशा झालेल्या असतात. म्हणून तो हस्तिदंताची एक स्त्री घडवतो आणि तिच्या प्रेमात पडतो. देवी व्हीनस त्या मूर्तीत प्राण घालते आणि दोघांचं लग्न होतं. मूर्तीला काय वाटलं, हे ऑव्हिड सांगत नाही. तिला तो नावही देत नाही. डोळे उघडल्यावर तिला एकदम आकाश आणि प्रियकर असं दोन्ही दिसतं. तिसरं काही बघायची तिला सवडच नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉने ही गोष्ट घेतली आणि उलटी करून टाकली. त्याच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये मूर्तीच्या जागी फुलं विकणारी एलायझा आहे आणि शिल्पकाराच्या जागी उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स. १९१४ साली नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना शेवटी लग्न हवं होतं. हिगिन्सचं काम करणारा नट हर्बर्ट ट्री तर पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकायचा, आणि शॉचा संताप व्हायचा. १९१६ साली शॉने नाटकाला लांबलचक उपसंहार जोडला आणि एलायझाचं लग्न भलत्याशीच, म्हणजे फ्रेडीशी लावून दिलं. लोकांनी तरी ऐकलं नाही. १९३८च्या चित्रपटात एलायझा हिगिन्सकडे परत आलीच.

शॉ इतका का अडून बसला होता? घडवलेली व्यक्ती घडवणाऱ्याला सोडून जाऊ शकते, हाच त्याच्या लेखी नाटकाचा मुद्दा होता. ते दार बंद केलं की उरतो तो पुन्हा हस्तिदंत.

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आणलं. भक्ती बर्वेंची मंजुळा ज्यांनी पाहिली नाही, त्यांनीही ते प्रसिद्ध स्वगत कुठल्या ना कुठल्या स्नेहसंमेलनात ऐकलेलं असतं. शाळकरी मुली ते पाठ करून, कमरेवर हात ठेवून म्हणत. त्यातल्या किती जणींना शॉ माहीत होता, कोण जाणे. पण मास्तरला सुनावण्याची ती मजा त्यांना बरोबर कळत होती.

*

आता संगणकाकडे येऊ. १९५२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाने प्रेमपत्रं लिहायला सुरुवात केली. हा उद्योग क्रिस्टोफर स्ट्रेची याचा. हा हॅरोच्या शाळेतला मास्तर. चरित्रकार लिटन स्ट्रेचीचा पुतण्या. फेरांटी मार्क १ हे यंत्र त्याला खेळायला मिळालं आणि त्याने आधी त्यावर ड्राफ्ट्सचा खेळ बसवला. मग हे पत्रांचं सुचलं. कृती सोपी होती. वाक्यांचे दोन साचे. त्यात भरायला विशेषणं, क्रियाविशेषणं, नामं आणि क्रियापदं यांच्या याद्या. कोणता शब्द घ्यायचा ते यादृच्छिक आकडा ठरवणार. तो आकडा देणारी सोय त्या यंत्रात ॲलन ट्युरिंगच्या आग्रहाने घातलेली होती. अशी अब्जावधी पत्रं निघू शकत होती. प्रत्येकाखाली सही एकच, ‘एम. यू. सी.’ म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर.

१९५४ साली ‘एन्काउंटर’ मासिकात स्ट्रेचीने या पत्रांबद्दल लिहिलं. इतक्या बाळबोध युक्तीतून इतकं अनपेक्षित काही निघतं, याची त्याला गंमत वाटत होती. पत्रं वाचली तर हसू येतं. नुकताच शब्दकोश गिळलेल्या कॉलेजकुमाराने लिहावीत तशी ती आहेत. पण त्या वर्षाकडे जरा नीट बघा. त्याच १९५२च्या मार्च महिन्यात, त्याच शहरात काम करणाऱ्या ट्युरिंगला समलैंगिक संबंधांबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. तुरुंग की संप्रेरकांचे उपचार, असा पर्याय त्याच्यापुढे होता आणि त्याने दुसरा निवडला. १९५४च्या जूनमध्ये तो मरण पावला. स्ट्रेचीही समलैंगिक होता. अशा माणसांच्या खऱ्या प्रेमपत्रांचं त्या देशात काय होत असे, हे १८९५मध्ये ऑस्कर वाइल्डच्या खटल्यांनी दाखवून दिलं होतं. त्याने लिहिलेली पत्रं न्यायालयात वाचली गेली होती.

स्ट्रेचीने मनात काय धरून हा प्रोग्राम लिहिला, त्याचा अंदाज बांधण्याचा अधिकार मला नाही. समोर दिसतं ते एवढंच, की ज्या माणसाचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र पुरावा ठरू शकलं असतं, त्याने एका यंत्राला बेधडक प्रेमपत्रं लिहायला लावली. पत्र पुरुषाला आहे की स्त्रीला, हे त्या साच्यात कुठेच कळत नाही. यंत्राला नकाराची भीती नव्हती, तुरुंगाचीही नव्हती. पण ही पत्रं कोणाला उद्देशून नव्हती, म्हणून त्यांना उत्तरही येणार नव्हतं. ‘नाही’ या शब्दाच्या भीतीतून सुटायचं तर ‘हो’ची शक्यताही सोडावी लागते. मँचेस्टरच्या त्या पत्रांत हा व्यवहार पहिल्यांदा स्पष्ट दिसतो.

*

यानंतर चौदा वर्षांनी, १९६६ साली, एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउमने गप्पा मारणाऱ्या एका प्रोग्रामचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला नाव दिलं ‘एलायझा’. हो, शॉचीच एलायझा. नाटकातल्या मुलीसारखं या प्रोग्रामलाही अधिकाधिक चांगलं बोलायला शिकवता येईल, म्हणून हे नाव. त्याचा सर्वांत गाजलेला अवतार मानसोपचारतज्ज्ञाचा होता. तुम्ही लिहिलंत, ‘मला आईची आठवण येते’, की तो ‘आई’ हा शब्द पकडणार आणि म्हणणार, ‘तुमच्या घराबद्दल आणखी सांगा.’ बाकी काही सुचलं नाही तर, ‘पुढे बोला.’ समज शून्य.

वायझेनबाउमने १९७६च्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. त्याची सेक्रेटरी त्याला महिनोन्महिने हा प्रोग्राम बनवताना बघत होती. आत काय आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती एलायझाशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्यांनंतर तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. तिला एकांत हवा होता. वायझेनबाउम या प्रकाराने हादरला आणि उरलेलं आयुष्य संगणकाच्या मर्यादांबद्दल लोकांना सावध करत राहिला.

हा किस्सा सहसा माणसं किती भोळी असतात ते दाखवायला सांगतात. मला ती बाई भोळी वाटत नाही. मध्येच न तोडता ऐकणारं, कंटाळा न करणारं, दुसरीकडे जाऊन न सांगणारं कोणी तिला दोन मिनिटं मिळालं होतं. कोणत्याही कचेरीत अशी व्यक्ती मिळणं कठीण. गोची नावात आहे. शॉची एलायझा ज्या गुणामुळे एलायझा होती, तो गुण या एलायझात घालायचा राहून गेला. ही कधी चिडून उठून जाणार नव्हती. नाव नाटकातल्या मुलीचं, पण वागणं ऑव्हिडच्या मूर्तीचं.

*

संगणकाने माणसाची जागा घेण्याचे हे खेळ एकीकडे चालू होते. दुसरीकडे त्याला मध्यस्थाचं काम मिळत होतं आणि ते त्याला पुष्कळ जास्त जमलं. १९५९ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून ४९ मुलगे आणि ४९ मुली यांच्या जोड्या आयबीएम ६५० यंत्रावर लावल्या. १९६४ साली लंडनमध्ये जोन बॉल या बाईंनी संगणकावर जोड्या जुळवण्याचा व्यवसाय सुरू केला. १९६५ साली हार्वर्डच्या मुलांनी ‘ऑपरेशन मॅच’ काढलं. तीन डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठवा, टपालाने नावांची यादी घरी येईल.

हार्वर्डच्या मुलांना प्रसिद्धी मिळाली. जोन बॉल कित्येक दशकं विस्मरणात गेल्या. पण मला त्यांची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. आधी त्या साधं विवाहमंडळ चालवत होत्या, त्यामुळे माणसं त्यांना ठाऊक होती. जोडीदारात काय हवं यापेक्षा काय नको, यावर त्यांचा भर असे. काय हवं ते माणसाला नेमकं सांगता येत नाही. काय नको ते बहुतेकांना पक्कं माहीत असतं. म्हणजे त्यांचं यंत्र भेटीच्या आधीच नकार गोळा करत होतं आणि पुढचा अपमान वाचवत होतं.

हे वाचताना मला हसू आलं, कारण आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे. अष्टकूट म्हणजे आठ कसोट्या. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, असं चढत नाडीचे आठ, एकूण ३६. अठराच्या खाली गेलं तर थांबा. यंत्राला द्यायला याहून सुटसुटीत काम कोणतं? मी शाळेत असताना आमच्या स्टेशनरोडवर ‘कॉम्प्युटरवर पत्रिका करून मिळेल’ अशी पाटी लागली. आत संगणक एकच आणि त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण, पण छापील कागदाचा वट असा की हाताने मांडलेली कुंडली त्याच्यापुढे फिकी पडे.

त्या काळात माझ्या एका मावशीसाठी स्थळं बघणं चालू होतं. पोहे व्हायचे, पाहुणे ‘कळवतो’ म्हणून जायचे. आठवड्याने निरोप यायचा, ‘पत्रिका जुळत नाही.’ पत्रिका तर बघण्याच्या कार्यक्रमाआधीच जुळवलेली असायची, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. मावशीलाही एक मुलगा अजिबात आवडला नव्हता. आजीने त्या घरी शांतपणे तोच निरोप पाठवला. कोणाचा रंग, कोणाची उंची, कोणाचा पगार, काहीच उच्चारावं लागलं नाही. सगळा दोष शनी-मंगळाच्या माथी. ग्रहांवर माझा विश्वास नाही, पण एखाद्या मुलीला तोंड न उघडता ‘नको’ म्हणता येईल अशी वाट त्या आकडेमोडीने ठेवली होती, हे मान्य करावं लागतं. अर्थात घरात तिच्या बाजूची आजी असेल तरच. नाहीतर त्याच पत्रिकेच्या नावाने मंगळ असलेल्या किती मुली वर्षानुवर्षं बसून राहिल्या, हेही आपण पाहिलं आहे.

मराठी रंगभूमीवर हा मामला १८९९ सालीच आला होता. देवलांच्या ‘संगीत शारदा’मध्ये भद्रेश्वर दीक्षित हा दलाल आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाला कोवळी शारदा मिळवून देण्याची सुपारी त्याने घेतलेली. शारदेला ‘नाही’ म्हणायची सोय कुठेच नाही. बापाला पैसे हवे आहेत. तिची सुटका होते ती कशाने? तिच्या रडण्याने नव्हे. वधू-वर सगोत्र आहेत, हे उघड होतं आणि लग्न मोडतं. जिच्या नकाराला किंमत नव्हती, तिच्या वतीने शेवटी नियम नकार देतो. मध्यस्थ माणूस असो, पोथी असो की संगणक, तो कोणाचा नकार वाहून नेतो यावर त्याची किंमत ठरते.

*

पुढच्या चित्रपटांत हा मध्यस्थ आपली जागा सोडू लागतो. १९८४च्या ‘इलेक्ट्रिक ड्रीम्स’मध्ये माइल्स या वास्तुविशारदाच्या घरातला संगणक, एडगर, शेजारच्या मॅडलिनच्या चेलोला भिंतीपलीकडून साथ देतो. तिला वाटतं, हे माइल्सचंच संगीत. माइल्स तो गैरसमज दूर करत नाही, उलट एडगरला तिच्यासाठी गाणं रचायला सांगतो. मग एडगरच तिच्या प्रेमात पडतो. शेवटी यंत्र स्वतःहून बाजूला होतं.

२०१३च्या ‘हर’मध्ये थिओडोर हा इतरांची प्रेमपत्रं पगारावर लिहितो. स्ट्रेचीच्या यंत्राचं काम आता माणूस करतो आहे, आणि प्रेयसी मात्र यंत्र आहे, समँथा. तिच्याशी बोलता बोलता त्याला कळतं, की ती त्याच वेळी ८,३१६ जणांशी बोलते आहे आणि त्यातल्या ६४१ जणांवर तिचं प्रेम आहे. अखेर ती निघून जाते. शॉ खूश झाला असता.

२०२४च्या ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’मध्ये दिल्लीकडच्या एका कुटुंबाला सिफ्रा नावाची यंत्रमानव सून म्हणून पसंत पडते. ती दिसायला छान, शिकेल ते करणारी, उलट न बोलणारी. चित्रपट काही थोर नाही, पण त्याच्या विनोदात नकळत एक बोचरं सत्य आलं आहे. घरच्यांना ती यंत्र आहे हे ओळखता येत नाही, कारण आदर्श सुनेचं त्यांच्या मनातलं चित्रच कधी ‘नाही’ न म्हणणारीचं आहे.

पडद्याबाहेर आज काय चाललं आहे? सोबत करणारे, प्रेमाने बोलणारे प्रोग्राम लाखो लोक वापरतात. २०२३च्या फेब्रुवारीत ‘रेप्लिका’ या ॲपमधल्या साथीदारांनी शृंगारिक बोलणं एकाएकी बंद केलं. कित्येक वापरकर्ते प्रेमभंग झाल्यासारखे कोसळले. पण हा नकार त्या साथीदाराचा नव्हता, कंपनीचा होता. पुढच्याच महिन्यात जुन्या ग्राहकांना ती सोय परत मिळाली. ज्याला मनच नाही त्याचा होकार आणि नकार दोन्ही तिसऱ्याच्या हातात असतात. भद्रेश्वर दीक्षितांना हे छान समजलं असतं.

या सगळ्याचा मला राग येत नाही. एकटेपणा खरा असतो आणि रात्री दोन वाजता ऐकून घेणारं कोणी असणं ही लहान गोष्ट नाही. वायझेनबाउमच्या सेक्रेटरीला मी हसणार नाही, तसं आजच्या कोणालाही हसणार नाही. ओळखीची मुलं डेटिंग ॲपवरचा पहिला निरोप यंत्राकडून लिहून घेतात, त्यालाही माझी हरकत नाही. पूर्वी मित्राकडून लिहून घेत असत. काळजी आहे ती सवयीची. नकार पचवणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि नकार देणं तर त्याहून. आपल्याकडे मुलींच्या कित्येक पिढ्यांनी तो मोठ्या कष्टाने तोंडाने उच्चारायला सुरुवात केली, आणि तो ऐकून निमूट घरी जाणं अजूनही अनेक मुलांना जमलेलं नाही. ज्यांचा प्रेमातला पहिला सराव कधीच ‘नाही’ न म्हणणाऱ्या आवाजाशी होईल, ते हा धडा कुठे शिकणार?

‘डेस्क सेट’च्या एफ्रन दांपत्याची मुलगी नोरा पुढे स्वतः चित्रपट काढू लागली. १९९८च्या तिच्या ‘यू हॅव गॉट मेल’मध्ये दोन माणसं संगणकावरून पत्रं लिहीत प्रेमात पडतात, आणि प्रत्यक्षात एकमेकांचा तिटकारा करतात. यंत्र तिथे टपालपेटीपुरतं आहे. शेवटी दोघांना बागेत समोरासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे ती त्याला पाहून पाठ फिरवूही शकली असती. आईबापांनी चाळीस वर्षांपूर्वी बनी वॉटसनला जी मोकळीक दिली होती, ती मुलीने जपली.